कल की कमजोरी?

प्रिय,

तुझा आलेख पाहिला. सीएएमपीचा (जी-प्रोटीनच्या वाटेने पेशीत उमटणाऱ्या संकेताचा) कर्व्ह डॅम्गोच्या, म्हणजे तुलनेला घेतलेल्या पूर्ण ताकदीच्या ओपिऑइडच्या, बरोबरीने शंभर टक्क्यांना टेकलेला आणि बीटा-अरेस्टिनची, म्हणजे रिसेप्टरला चिकटणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाची, रेघ तळाला जवळजवळ सपाट. खाली तू लिहिलंयस, 'जी-प्रोटीनकडे तीव्र कल असलेलं संयुग'. म्हणजे रिसेप्टरच्या दोन वाटांपैकी मुख्यतः जी-प्रोटीनचीच वाट चेतवणारं. पेपरचं शीर्षकही ठरलेलं दिसतंय. ते तूर्त बाजूला ठेव.

तुझ्या पेशींत म्यू-ओपिऑइड रिसेप्टर (मॉर्फिनसारखी औषधं ज्याला चिकटतात ते प्रथिन) मुद्दाम भरमसाट भरलेले आहेत. सीएएमपीच्या वाटेवर संकेत पायरीपायरीने वाढत जातो. एकेक रिसेप्टर कितीतरी जी-प्रोटीन्सना जागं करतो, त्यामुळे थोडेसेच रिसेप्टर चेतले तरी प्रतिसाद कमाल मर्यादा गाठतो. अरेस्टिनचं तसं नाही. ते थेट रिसेप्टरला येऊन चिकटतं, तिथे अशी वाढ होत नाही. मग एखादं नुसतंच दुबळं संयुग पहिल्या ॲसेमध्ये (मोजणीत) पूर्ण ताकदीचं दिसतं आणि दुसऱ्यात गायब होतं. तुझ्या आलेखात दिसतं तेच. याला कल म्हणायचं की कमजोरी, हे त्या आलेखावरून ठरत नाही. बीटा-एफएनए वापरून बरेचसे रिसेप्टर कायमचे बंद कर आणि सीएएमपीचा कर्व्ह पुन्हा काढ. त्याची कमाल डॅम्गोच्या कितीतरी आधी कोसळली, तर संयुग दुबळं आहे.

हे इतकं ताणून सांगायचं कारण म्हणजे या रिसेप्टरचा इतिहास. 1999 मध्ये दिसलं की बीटा-अरेस्टिन 2 नसलेल्या उंदरांत मॉर्फिनचा वेदनाशामक परिणाम वाढतो आणि जास्त वेळ टिकतो. 2005 मध्ये त्याच उंदरांत श्वास मंदावणं आणि बद्धकोष्ठता कमी असल्याचं छापून आलं. झालं! वेदना शमते जी-प्रोटीनमुळे, अपाय होतो अरेस्टिनमुळे, अशी सुबक वाटणी सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली. त्याच आशेवर ओलिसेरिडीन हे वेदनाशामक आलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या (औषध नियामक संस्थेच्या) सल्लागार समितीने 8 विरुद्ध 7 मतांनी त्याच्या मंजुरीविरुद्ध कौल दिला, 2020 च्या ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली, आणि माहितीपत्रकावर श्वसन मंदावण्याचा ठळक इशारा इतर ओपिऑइड्ससारखाच राहिला. त्याच वर्षी तीन प्रयोगशाळांनी तो उंदरांचा प्रयोग पुन्हा केला. अरेस्टिन असो वा नसो, मॉर्फिनने श्वास तितकाच मंदावला. आणखी एका अभ्यासाने दाखवलं की या नव्या संयुगांचा थोडाफार सुरक्षितपणा त्यांच्या कलापेक्षा त्यांच्या कमी कार्यक्षमतेशी जास्त जुळतो.

म्हणून बायस्ड सिग्नलिंग, म्हणजे हा कल, खोटं, असं समजू नकोस. कार्व्हेडिलॉल या हृदयाच्या औषधाचं उदाहरण आहे, रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनच्या रिसेप्टरवरही कल चांगल्यापैकी दाखवता येतो (त्यावर बेतलेलं हृदयविकाराचं औषध चाचणीत अपयशी ठरलं, ती वेगळी गोष्ट). माझी तक्रार कलाबद्दल नाही, तो किती घाईने जाहीर होतो याबद्दल आहे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे. सूक्ष्मदर्शकाखाली अरेस्टिनचे ठिपके मोजताना तुमच्या दोघांचे आकडे जुळत नाहीत, मग कोणाची नजर चांगली? इथेही तोच घोळ आहे. सिग्नल डिटेक्शन थिअरी माणसाच्या निवाड्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या मोजते: खरा संकेत आणि गोंगाट यांतला फरक त्याला किती कळतो, आणि 'आहे' म्हणायला तो किती पटकन तयार होतो. जास्त ठिपके सापडणारा माणूस जास्त बारकाईने पाहतो असं नाही, त्याचा उंबरठा खाली असेल इतकंच. हे कळायला औषध न घातलेल्या वेलमध्येही (प्लेटच्या खळग्यातही) त्याला किती ठिपके 'दिसतात' ते मोजावं लागतं. तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाही. शिवाय कोणत्या वेलमध्ये काय आहे हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर अंधूक डागाचा ठिपका व्हायला वेळ लागत नाही. त्यात लबाडी नसते, उंबरठा आपोआप सरकतो.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनने 1960 मध्ये लोकांना 2-4-6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितला होता. नियम अगदी साधा होता, चढता क्रम. बहुतेकांनी मात्र आपल्या अंदाजाला 'हो' मिळेल असेच आकडे विचारून पाहिले. तुझे आतापर्यंतचे सगळे प्रयोग वाचताना मला तेच जाणवलं. उत्तर 'नाही' येऊ शकेल असा एकही त्यात नाही. बीटा-एफएनएचा प्रयोग तसा आहे, म्हणून तो आधी.

डॅम्गो, मॉर्फिन आणि तुझं संयुग एकाच दिवशी, एकाच पेशींवर चालव. कल नेहमी कशाच्या तरी तुलनेतच असतो, तेव्हा संदर्भाला कोणतं संयुग धरलंस ते प्रत्येक आलेखावर लिही. 5 मिनिटांचं आणि 30 मिनिटांचं, दोन्ही वाचनं घे, वेळ बदलली की कलाची दिशाही बदललेली लोकांनी पाहिली आहे. ठिपके मोजणाऱ्याला वेलचे क्रमांक बदलून दे. आणि पुढच्या वेळी टक्केवारी नको, नॉर्मलाइझ न केलेले कच्चे आकडे पाठव.