गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. धावताना ती रंगीत, ताणली जाणारी चिकटपट्टी (किनेसिओ टेप) लावली तर फरक पडेल का?

तुम्ही लिहिलंय की पोलीस भरतीसाठी रोज १६०० मीटर मारता, महिनाभरापासून उजव्या वाटीच्या खाली टोचतं, आणि मित्र म्हणतो निळी पट्टी घे, काळी गरम पडते. रंगाचं आधी मिटवून टाकू. कापड तेच, चिकट थर तोच. आवडेल तो रंग घ्या.

मी डॉक्टर नाही, फिजिओही नाही. जिल्हा पातळीवर पंधरा वर्षं व्हॉलीबॉल खेळलो, स्मॅशर म्हणून, आणि हे दुखणं अंगावर काढलंय. खेळाडू याला 'जम्पर्स नी' म्हणतात. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडापर्यंत जी जाड दोरी जाते, ती कंडरा दुखते. २००५ साली नॉर्वेत वरच्या दर्जाच्या खेळाडूंची पाहणी झाली होती, त्यात व्हॉलीबॉलवाल्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना हा त्रास निघाला. म्हणजे आमच्या जमातीत ही घरचीच गोष्ट. उड्या न मारणाऱ्यालाही तो होऊ शकतो. सराव एकदम वाढवला, विशेषतः वेगाच्या फेऱ्या आणि बेडूकउड्या, की कंडरा कुरकुरायला लागते.

आधी खात्री करा. पाय सैल सोडून बसा आणि वाटीच्या खालच्या कडेला बोटाने दाबा. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दुखत असेल, पळताना अंग तापल्यावर कमी होत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पुन्हा जाणवत असेल, तर बहुधा हेच. वाटीभोवती किंवा मागे सगळीकडे दुखत असेल, बराच वेळ मांडी घालून बसल्यावर वाढत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. गुडघा सुजतोय, अडकतोय, लचकून सटकतोय, किंवा 'टक्' असा आवाज होऊन पाय सरळच करता येत नाहीये, तर हे उत्तर वाचत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आता पट्टी. ही जपानच्या केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात काढली आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या खांद्यापाठींवर दिसल्यावर जगभर पसरली. स्नायूंना बळ देते, रक्ताभिसरण वाढवते, हे डब्यावर छापलेलं असतं, पण संशोधनात त्याला फारसा आधार मिळालेला नाही. नेदरलँड्समध्ये नेमक्या याच दुखण्यावर चाचणी झाली. वाटीखाली बांधायचा पट्टा, खेळाची पट्टी, नुसती दिखाऊ पट्टी आणि काहीच नाही, असे चार प्रकार तपासले. काहीच न लावण्यापेक्षा पट्टा आणि पट्टी लावल्यावर तात्पुरतं दुखणं कमी झालं. पण दिखाऊ पट्टीच्या तुलनेत त्यांचा वेगळा असा फायदा दिसला नाही. म्हणजे आराम खरा असतो. तो बहुधा त्वचेवरच्या स्पर्शाचा आणि मनाला आलेल्या धीराचा असतो, कंडरेतलं काही जोडलं जात नाही.

माझी चूक इथेच झाली. पट्टी लावली, दुखणं निम्मं झालं, म्हणून मी जास्त उड्या मारल्या. अख्खा हंगाम असाच काढला. हंगाम संपल्यावर घराचा जिना कठडा धरून, एकेक पायरी अंग तिरकं करून उतरायचो. आई म्हणायची, "तुझ्यापेक्षा मी बरी."

लावायचीच असेल तर पाच सेंटीमीटर रुंदीचा रोल घ्या. त्वचा धुऊन कोरडी करा, तेल अजिबात नको, केस दाट असतील तर कापून घ्या. पट्टीचे कोपरे गोल कापा, नाहीतर पँटला घासून लगेच सुटतात. गुडघा वाकवून बसा, मधला भाग निम्म्या ताणाने कंडरेवर आडवा लावा आणि दोन्ही टोकं मात्र न ताणता चिकटवा. टोकं ताणली की तिथे फोड येतो, हे मला सांगायला कुणी नव्हतं. मग हाताने घासा, उष्णतेने चिकट थर धरतो. पळायच्या अर्धा तास आधी लावा. तीन-चार दिवस टिकते, पावसाळ्यात आणि कोकणाच्या घामात त्याहून कमी. खाज सुटली तर लगेच काढा. काढताना तेल लावून, केसांच्या दिशेने, हळू.

खरं काम व्यायाम करतो. सुरुवातीला भिंतीला पाठ टेकून, झेपेल तितके गुडघे वाकवून ४५ सेकंद बसा, दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. त्याने काहींचं दुखणं तासभर उतरतं, सगळ्यांचं नाही. मग हळूहळू वजन घेऊन बैठका: खाली जायला तीन-चार सेकंद, वर यायला तेवढेच, आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात हे १२ आठवडे करून घेतलं होतं. चांगलं वाटायला लागलं की सोडून द्यावंसं वाटतं, मी दोनदा सोडलं आणि दोनदा पहिल्यापासून सुरू केलं. बैठकांत दहापैकी तीन-चार एवढं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पुन्हा आधीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर वजन कमी करा.

पूर्ण आराम करू नका, कंडरा आणखी ढिली पडते. १६०० रोज नको, आठवड्यातून तीनदाच पुरे. बाकीच्या दिवशी सायकल चालवा आणि गोळाफेकीचा सराव करा, त्याचेही गुण आहेतच. बेडूकउड्या तूर्त बंद. कुणी त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दुखणं थोडे दिवस दबतं पण कंडरा कमकुवत होऊ शकते.

भरतीच्या दिवशी पट्टी लावायची असेल तर त्याआधी दोन-तीनदा ती लावून पूर्ण १६०० धावून बघा, आणि मैदानावर चालते का ते आधीच विचारून ठेवा.