घरच्या घरी स्टॅम्प आणि डाय कटची नाताळ कार्डं करायची तर सुरुवात कशापासून करू?

तुम्ही विचारलंय की या नाताळला तीसेक जणांना हाताने केलेली कार्डं पाठवायची आहेत, व्हिडिओत बघावं तर प्रत्येकीकडे डाय कटिंग मशीन (डाय म्हणजे कागदातून आकार कापणारा धारेचा साचा) आणि ठसे मारायच्या स्टॅम्पचे डबेच्या डबे, तर हे सगळं आधी घ्यावं लागेल का आणि सुरुवात नेमकी कुठून करायची. मी वसईला राहते, आमच्याकडे नाताळ म्हणजे दारात चांदणी, अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा आणि नातेवाइकांचा हा एवढा मोठा गोतावळा, आणि गेली नऊ वर्षं दर डिसेंबरला मी तीस-पस्तीस कार्डं करून पोस्टाने पाठवते, म्हणून जे स्वतः केलंय तेवढंच सांगते.

सुरुवात पाकिटापासून करा. मशीन, स्टॅम्प, कागद सगळं नंतर, आधी दुकानात जाऊन चाळीस पाकिटं घेऊन या आणि मग त्या पाकिटात मावेल, पोस्टाच्या थैलीत टिकेल आणि तुम्हाला परवडेल एवढ्या तिकिटात जाईल असं कार्ड ठरवा. मी पहिल्या वर्षी बरोब्बर उलटं केलं होतं. ३०० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या जाड कागदाचं) कार्ड, त्यावर तसाच जाड दुसरा तुकडा, त्यावर फोमटेपने उचललेली डाय कटची चांदणी आणि चांदणीच्या मधोमध एक मोती. टेबलावर मांडली तेव्हा फार सुरेख दिसत होती. वजन बघायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, सगळ्यांवर ५ रुपयांचं तिकीट लावलं आणि टाकली पेटीत. बरीचशी बेरिंग झाली, म्हणजे तिकीट कमी पडलं. नाशिकच्या आत्याचा फोन आला की कार्ड छान आहे गं बाळा, पोस्टमनला वरचे पैसे दिले मी, काळजी करू नको, आणि मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू, शुभेच्छा आपण द्यायच्या आणि भुर्दंड तिला, कारण जेवढं तिकीट कमी पडतं त्याच्या दुप्पट पैसे पत्र घेणाऱ्याला भरावे लागतात.

हिशोब सोपा आहे, एकदा समजून घेतलात की कायमचा कामाला येतो. ए४ कागद म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग, त्यामुळे ३०० जीएसएमचा ए४ पावणेएकोणीस ग्रॅम भरतो, त्याचा अर्धा कापून मधे दुमडला की झालं तुमचं कार्ड, म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम. पाकीट चार-पाच ग्रॅम. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे सजावटीला तुमच्या हातात उरले जेमतेम पाच-सहा ग्रॅम, आणि त्यावर कार्डाच्या मापाचा २५० जीएसएमचा एक तुकडा चिकटवलात की त्यातले चार गेले. म्हणून एक नमुन्याचं कार्ड पूर्ण करा, पाकिटासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, जास्त भरत असेल तर जास्तीचं तिकीट लावा, त्यात काही वाईट नाही, फक्त ते आधी माहीत हवं.

कागदासाठी क्राफ्टच्या दुकानात जायच्या आधी जवळच्या छापखान्यात एक चक्कर मारा. लग्नपत्रिका छापतात तिथे जाड कागदाचे उरलेले तुकडे पडलेले असतात, विचारलं तर बहुतेक वेळा स्वस्तात देतात, आणि त्यांच्या कटिंग मशीनवर चाळीस कार्डं एका दमात एकसारखी कापून मिळतात, घडीच्या जागी क्रीजिंग म्हणजे दाबून रेघही पाडून देतात. माझा मामा अशाच एका प्रेसमधे होता, डाय, पंचिंग, क्रीजिंग, पेस्टिंग हे शब्द मी लहानपणापासून त्याच्या तोंडून ऐकलेत, आपण हौसेने करतो ते डाय कटिंग म्हणजे त्यांचं पंचिंगच, फक्त त्यांची डाय प्लायवूडमधे ठोकलेल्या पोलादी पट्ट्यांची आणि आपली तळहाताएवढी पातळ पत्र्याची. चकचकीत आर्ट कार्ड मात्र घेऊ नका, त्यावर स्टॅम्पची शाई मुरत नाही, वरच राहते आणि बोट लागलं की फासते. हातकागदाचा मोह मलाही होतो, पुण्याच्या हातकागद संस्थेतला कागद हातात घेतला की खाली ठेववत नाही, पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत, बारीक रेघांचा ठसा त्यावर तुटक येतो, त्यामुळे त्यातून चांदण्या कापा, नाहीतर मोठा ठसठशीत ठसा घ्या. आणि घडी घालायच्या आधी कागद दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून बघा, ज्या दिशेने मऊ वाकतो तिकडे घडी घाला, आडवी घातलीत तर घडीवर कागद फुटून पांढरे तंतू दिसतात.

आता स्टॅम्प. पैसे घालायचेच असतील तर पहिल्या वर्षी इथे घाला, मशीनमधे नको. पारदर्शक स्टॅम्पचा एखादा छोटा सेट, तो चिकटवून धरायला ॲक्रिलिकचा ठोकळा आणि काळ्या शाईचं एक चांगलं पॅड एवढ्यावर तीस कार्डं आरामात होतात. नवीन पारदर्शक स्टॅम्पवर एक बुळबुळीत थर असतो, त्याने शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि पहिले ठसे ठिपक्याठिपक्यांचे येतात, मग माणूस म्हणतो आपल्याला जमत नाही, तर तसं नसतं, स्टॅम्पवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, थर जातो. स्टॅम्प पॅडवर दाबू नका, स्टॅम्प उलटा धरून त्यावर पॅड टपटप टेकवा म्हणजे शाई कडांवर साचत नाही. कागदाखाली जुना माऊसपॅड ठेवा, ठोकळा सरळ खाली आणा, तळव्याने सगळीकडून दाबा, अजिबात डोलवू नका आणि सरळ वर उचला. काम झालं की ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हात ठेवू नका, पिवळे पडून कडक होतात.

लहान मुलं असतील घरात तर त्यांना भेंडी द्या! शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनीच भेंडीचे ठसे मारलेत, देठाकडून आडवी कापली की पाच पाकळ्यांची चांदणीच मिळते, पोस्टर कलरमधे बुडवून आधी रद्दीवर एकदा टेकवायची आणि मग कार्डावर. मागच्या वर्षी माझ्या भाचीने पाकिटांच्या मागच्या बाजूला अशा चांदण्या मारल्या होत्या आणि माझ्या कार्डांपेक्षा त्याचंच कौतुक जास्त झालं, खरंच छान दिसत होत्या त्या.

आणि एक गोष्ट अगदी आग्रहाने सांगते, शुभेच्छांचा स्टॅम्प मराठीत करून घ्या. विकतच्या सेटमधे बहुतेक वाक्यं इंग्रजीच असतात. कोर्टाच्या नाहीतर तहसील कचेरीच्या आसपास रबरी शिक्के बनवणारा कोणीतरी असतोच, त्याच्याकडे 'नाताळच्या हार्दिक शुभेच्छा' असं लिहून न्यायचं आणि साधं रबर, लाकडी मुठीचा शिक्का करून मागायचा, ज्याच्या आतच शाई भरलेली असते तसला नको, म्हणजे आपल्याला हव्या त्या रंगाची शाई लावता येते. अक्षर जरा मोठं आणि जाड घ्या. नाजूक फॉन्ट कॉम्प्युटरवर छान दिसतो पण रबरात शिरोरेघ मधेच तुटते आणि 'र्द'चा रफार, 'ळ'ची पोटं शाईने भरून जातात. मी दोनदा करून घेतला तेव्हा कुठे मनासारखा आला, आणि तोच शिक्का आजही वापरते. माझ्या आजेसासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, कार्ड घेऊन त्या स्वतः मोठ्याने वाचायच्या, त्यासाठी तरी मराठीच हवं असं मला मनापासून वाटतं.

चमक हवी असेल तर चमकी टाकू नका, पाकिटभर सांडते आणि उघडणाऱ्याच्या सोफ्यावर आठवडाभर राहते. त्याऐवजी एम्बॉसिंग पावडर. चिकट, उशिरा सुकणाऱ्या शाईने ठसा घ्यायचा, लगेच पावडर भुरभुरायची, जास्तीची कागदावर झटकून परत डबीत, आणि मग हीट गनने गरम करायचं. आधी काहीच होत नाही, रवाळ सोनेरी धुरळा दिसत राहतो, आणि मग एका कोपऱ्यातून तो वितळायला लागतो आणि बघता बघता सगळी रेघ पितळेच्या तारेसारखी लकाकते, तेव्हाच गन पुढे सरकवायची नाहीतर कागद करपतो. केसांचा ड्रायर चालत नाही, तेवढी उष्णता नसते आणि पावडर उडून जाते. हीट गन नव्हती त्या वर्षी मी तवा कडकडीत तापवून, गॅस बंद करून, कार्ड वर चार बोटांवर धरून केलं होतं, जमतं, हात सांभाळा फक्त. ठसा घ्यायच्या आधी मलमलच्या चिंधीत टाल्कम पावडर बांधून ती पुरचुंडी कागदावरून फिरवली की नको तिथे सोनेरी कण चिकटत नाहीत.

मशीनबद्दल माझं मत असं की पहिल्या वर्षी घेऊ नका, कोणाकडे असेल तर एका संध्याकाळी जाऊन सगळं कापून आणा, किंवा चांदणीचा साधा क्राफ्ट पंच (हाताने दाबून आकार कापायचा) घ्या, तो कागदाच्या कडेपासून इंच-दीड इंचापर्यंतच पोचतो एवढं लक्षात ठेवून डिझाईन करा. मशीन हाताने फिरवायचंच पुरतं. खाली पाट, त्यावर प्लेट, कागद, डायची धारेची बाजू कागदाकडे, वर दुसरी प्लेट, आणि हँडल. प्लेटा दर वेळी उलटसुलट करा नाहीतर वाकतात. नक्षीदार डाय असेल तर डाय आणि कागदाच्या मधे बटर पेपर घाला, बारीक तुकडे अडकत नाहीत, आणि त्या डायला ३०० जीएसएम देऊ नका, सव्वाशे-दीडशेचा पुरे.

डाय कट म्हटलं की सगळे वर काहीतरी चिकटवायला बघतात, मी आता उलट करते, कापून काढते. निम्मी कार्डं लाल, निम्मी पांढरी. कार्ड उघडं ठेवून फक्त पुढच्या पानातून चांदणी कापायची, अशा सगळ्या कार्डांच्या कापून झाल्या की लाल कार्डातली चांदणी पांढऱ्याच्या खिडकीत आणि पांढऱ्यातली लालच्या खिडकीत, एकाच डायने कापलेलं असल्याने टोकाला टोक मिळून चपखल बसते, मागून नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदाचा तुकडा चिकटवायचा की झालं. वरून हात फिरवला तर सांधा बोटाला जेमतेम कळतो. वजन जवळपास वाढत नाही, जाडी वाढत नाही, काही वाया जात नाही. गोंद अगदी थोडा लावा, जास्त झाला तर कागद पोक धरतो.

कार्ड आणि टपाल यांचं नातं पहिल्यापासूनचंच आहे बरं का. लंडनच्या हेन्री कोलने १८४३ साली पहिलं छापील नाताळ कार्ड काढलं, जॉन हॉर्सलीकडून चित्र करून घेतलं, हजारेक प्रती, किंमत एक शिलिंग, आणि हाच कोल त्याआधी १८४० साली सुरू झालेल्या एक पेनीच्या टपालासाठी खटपट करणाऱ्यांतला. ती कार्डं छापून मग हाताने रंगवली होती, म्हणजे आपण ठसा मारून आत रंग भरतो तसंच की!

तीस कार्डं करताना एकेक पूर्ण करत बसू नका, कंटाळा येतो आणि विसावं कार्ड पहिल्यासारखं होत नाही. एका संध्याकाळी नुसतं कापणं-दुमडणं, दुसऱ्या दिवशी फक्त ठसे, तिसऱ्या दिवशी रंग, मग चिकटवणं. पाच कार्डं जास्तीची धरा, बिघडतातच. ठसे मारले की मी खिडकीपासून कपाटापर्यंत सुतळी बांधून चिमट्यांनी सगळी लटकवते आणि रात्रभर सुकू देते. माझं कापणं आगमनकाळाच्या (नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारच्या आत संपलेलं असतं, म्हणजे साधारण नोव्हेंबर संपता संपता, आणि १० डिसेंबरला सगळी पोस्टात. कॅनडा-आखाताकडची मात्र महिनाभर आधी टाका.

आतलं पान पांढरं आणि मोकळं ठेवा, तिथे पेनने चार ओळी लिहायच्या आहेत. कार्ड गडद असेल तर आत साधा पांढरा कागद चिकटवा, अडीच ग्रॅम त्याचेही धरा.

आणि पाकिटात कार्ड कसं जातंय ते बघा. पोस्टात तिकिटावर जो शिक्का बसतो तो जोरात बसतो, आणि तिकीट असतं उजव्या वरच्या कोपऱ्यात. माझे पहिल्या वर्षीचे मोती नेमके तिथेच होते, आत्याच्या कार्डात मोत्याचा चुरा आणि कार्डाला खड्डा पडलेला. तेव्हापासून उचललेलं जे काही असेल ते मी डावीकडे खाली ठेवते, तिकिटाच्या खालचा तेवढा कोपरा सपाट.