वॉशिंग्टन: गावाचं नाव, घराण्याचं नाव आणि त्यापुढचं

‘वॉशिंग्टन’ या आडनावाबद्दल एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. त्यातल्या ‘वॉशिंग’चा धुण्याशी काही संबंध आहे का? आणि जॉर्ज वॉशिंग्टन हे गोरे जमीनदार होते, तर आज अमेरिकेत हे आडनाव लावणारे बहुतेक लोक कृष्णवर्णीय कसे?

धुण्याशी काडीचाही संबंध नाही. शब्द ‘वॉशिंग’ आणि ‘टन’ असा फोडला की चूक होते. घटक तीन आहेत: वस्सा, इंग आणि टून. वस्सा हे जुन्या इंग्रजीतलं पुरुषाचं नाव. ‘इंग’ त्या माणसाशी असलेला संबंध दाखवतो. ‘टून’ म्हणजे आधी कुंपण घातलेली जागा, मग शेतवाडी, मग वस्ती. आजचा ‘टाउन’ त्यातूनच आला. न्यूटन म्हणजे नवी वस्ती, सटन दक्षिणेकडची, नॉर्टन उत्तरेकडची. मात्र विम्बल्डनला हा नियम लावू नये, तिथे शेवटी ‘डून’ म्हणजे टेकडी आहे.

इंग्लंडात या नावाचं एक गाव ससेक्समध्ये आहे आणि एक उत्तरेला डरहॅम परगण्यात. आडनावाचा माग डरहॅमच्या गावाकडे जातो. इंग्लंडातल्या जमिनींच्या १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ पाहणीत डरहॅमचा समावेशच नव्हता, त्यामुळे तिथे हे नाव शोधून उपयोग नाही. ते सापडतं ‘बोल्डन बुक’मध्ये, म्हणजे डरहॅमच्या बिशपने ११८३ साली करून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीत. नोंद अशी: विल्यम दे हर्टबर्न (म्हणजे हर्टबर्नचा विल्यम) याच्याकडे वेसिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून. त्या बदल्यात त्याने हर्टबर्न गाव सोडून दिलं. तो ४ पौंड भरतो आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन जातो.

हा विल्यम पुढे ‘दे वेसिंग्टन’ झाला. गाव बदललं तसं नाव बदललं, कारण ते अजून आडनाव म्हणून गोठलेलं नव्हतं, ओळख सांगण्यापुरतं होतं. हळूहळू ‘दे’ गळून पडला आणि नुसतं गावाचं नाव मागे राहिलं. आपला ‘कर’ शब्दाला चिकटून राहतो, म्हणून पंढरपूरकर ऐकताच गाव कळतं. इंग्रजीत ती खूण पुसली गेली. शिवाय जमीनदार सोडला तर गावाचं नाव बहुधा गाव सोडून गेलेल्यालाच चिकटतं. खुद्द गावात सगळेच तिथले, तिथे त्या नावाने कुणाला वेगळं काढणार? म्हणून एकाच ग्रामनामाचे दोन इंग्रज एका घराण्यातले असतीलच असं नाही.

स्पेलिंगही बराच काळ डळमळत होतं. १४१६ ते १४४६ या काळात डरहॅमच्या मठाचा प्रमुख असलेला जॉन ‘वेसिंग्टन’ असाच ओळखला जातो. घराण्याची एक शाखा दक्षिणेकडे सरकली, १५३९ साली तिने नॉर्थॅम्प्टनशरमधल्या सल्ग्रेव्हची जमीन विकत घेतली, आणि १७ व्या शतकाच्या मध्याला जॉन वॉशिंग्टन व्हर्जिनियात पोचला. जॉर्ज (१७३२–१७९९) हा त्याचा पणतू. घराण्याच्या ढालीवरचे दोन लाल पट्टे आणि तीन लाल तारे आज वॉशिंग्टन शहराच्या झेंड्यावर आहेत.

आता दुसरा प्रश्न. २००० सालच्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव १,६३,०३६ जणांचं होतं आणि त्यातले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते. ‘हे सगळे जॉर्जच्या गुलामांचे वंशज’ हे सर्रास दिलं जाणारं उत्तर आकड्यांपुढे टिकत नाही. १७९९ मध्ये त्याच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर ३१७ गुलाम होते आणि त्यातले त्याच्या स्वतःच्या मालकीचे १२३. वॉशिंग्टन घराण्यातल्या इतरांकडेही गुलाम होते हे धरलं, तरी हिशेब जुळत नाही. त्याच्या गुलामांपैकी काहींनी हे नाव लावलं, हे मात्र खरं. हॅरी वॉशिंग्टन क्रांतियुद्धात पळून ब्रिटिशांना मिळाला, १७८३ मध्ये नोव्हा स्कोशियाला आणि १७९२ मध्ये सिएरा लिओनला गेला, आणि हेच आडनाव घेऊन गेला.

दुसरी वाट व्यक्तिनामाची आहे, आणि माझ्या मते या कोड्यात तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. जॉर्जच्या कीर्तीमुळे ‘वॉशिंग्टन’ हे मुलांचं पहिलं नाव झालं. बुकर टी. वॉशिंग्टन यांचं उदाहरण बघा. १८५६ च्या सुमारास व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्म. मुक्ततेनंतर शाळेत हजेरी सुरू झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की इतर मुलांना किमान दोन नावं आहेत आणि आपल्याला एकच. पाळी आली तेव्हा त्यांनी शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ सांगितलं. त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, वॉशिंग्टन फर्ग्युसन. आईने आपलं नाव बुकर टॅलियाफेरो ठेवलं होतं, हे त्यांना नंतर कळलं. मधला ‘टी’ तो. या आडनावाला डरहॅमच्या विल्यमशी जोडणारं रक्ताचं नातं शोधणं व्यर्थ आहे.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर लाखो मुक्त माणसांनी आडनावं सरकारी कागदावर पहिल्यांदा नोंदवली. काहींची ती आधीपासून आपसांत चालत होती, काहींनी नवी निवडली. मालकाचंच नाव घेतलं असेल असं गृहीत धरून शोध घेणारे इथेच चकतात. १८५० आणि १८६० च्या गुलाम-याद्यांत मालकाचं नाव आणि गुलामाचं वय, लिंग, वर्ण एवढंच असतं. गुलामाचं नाव जवळजवळ कुठेच नसतं. म्हणून शोध १८७० च्या जनगणनेपासून सुरू करावा, मग फ्रीडमन्स बँकेचे (मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेली बँक) १८६५ ते १८७४ चे खातेदारांचे कागद पाहावेत. त्यांत आईवडील, भावंडं आणि काही ठिकाणी जुन्या मालकाचंही नाव मिळतं.