सिरॅमिक कलावंत आणि हस्तकला-पुस्तकांचे प्रकाशक

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नाशिकहून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मातीकाम करणाऱ्यांची आहेत आणि ती सगळी पुस्तकांविषयी आहेत. कोणाकडे परदेशी प्रकाशकाने छायाचित्रे मागितली आहेत, कोणाचे स्वतःचे पुस्तक निघू घातले आहे, तर कोणाच्या घरी वर्षानुवर्षे पुस्तकवाले येऊन जात आहेत. मी स्वतः मातीत काम करतो आणि अधूनमधून त्याविषयी लिहितो, त्यामुळे उत्तरे देताना कायद्याबरोबर चाकाचा आणि भट्टीचाही विचार केला आहे. भांडे विकले की घराबाहेर जाते. कलावंताजवळ उरतात ती त्याची छायाचित्रे आणि ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या प्रमाणांची, वही. प्रकाशक याच दोन गोष्टी मागतो, म्हणून त्या कोणत्या अटींवर द्यायच्या, हे सही करण्यापूर्वी ठरवायला हवे.

प्रश्न : अमेरिकेतील एका प्रकाशनगृहाने किटल्यांच्या सचित्र संग्रहासाठी माझ्या दोन स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजलेल्या टणक मातीच्या) किटल्यांची छायाचित्रे मागितली आहेत. मानधन नाही, पुस्तकाची एक प्रत मिळेल असे म्हणतात. सोबत एक पानी संमतिपत्र आले आहे. सही करावी का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : सही करावी, परंतु संमतिपत्रातील मजकूर तुम्हाला मान्य होईल असा करून घेतल्यानंतरच. अनेक कलावंतांची एकेक-दोनदोन छायाचित्रे एकत्र करून पुस्तक काढण्याची पद्धत तिकडे चांगली रुळलेली आहे. अमेरिकेतील ॲशव्हिल येथील लार्क बुक्स या प्रकाशनगृहाने तर वाडगे, किटल्या, पेले अशा एकेका प्रकारच्या पाचशे वस्तूंचे एक पुस्तक, अशी मालिकाच चालवली होती. अशा पुस्तकासाठी निवड होण्याचा फायदा खरा आहे, कारण कलादालनाला किंवा कार्यशाळेच्या आयोजकांना दाखवायला छापील पान हाताशी राहते. मात्र भांडे तुमचे असते, छायाचित्रकाराचे पैसे तुम्ही दिलेले असतात, आणि कागद, छपाई व संपादन या सगळ्यांसाठी पैसे मोजणाऱ्या प्रकाशकाला पुस्तकातला मुख्य ऐवज विनामोबदला मिळत असतो, हे निवडीच्या आनंदात विसरू नये. म्हणून जे द्यायचे ते मोजून द्यावे.

परवानगी अनन्य आहे की नाही, म्हणजे तेच छायाचित्र पुढे तुम्हाला स्वतःच्या माहितीपत्रकात, प्रदर्शनात किंवा दुसऱ्या पुस्तकात वापरता येणार की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. अनन्य परवानगी फुकट देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. परवानगी या एका पुस्तकापुरती, त्याच्या आवृत्त्यांपुरती आणि त्याच्या जाहिरातीपुरती आहे असे एक वाक्य घालून घ्यावे. नाहीतर तीच किटली पुढे दिनदर्शिकेवर आणि शुभेच्छापत्रांवर दिसते आणि त्याचेही काही मिळत नाही. 'आज अस्तित्वात असलेल्या व यापुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत' अशा अर्थाचे कलम बहुतेक छापील नमुन्यांत असते. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क कराराने आपोआप जात नाहीत. त्या माध्यमाचा करारात स्पष्ट उल्लेख असावा लागतो. परंतु तुमच्या संमतिपत्राला बहुधा अमेरिकेतील कायदा लागू असेल, त्यामुळे ते कलम खोडून पाठवणे हाच सरळ मार्ग आहे. संपादक अशा दुरुस्त्या आपण समजतो त्यापेक्षा सहज मान्य करतात, कारण त्यांना पुस्तक वेळेवर छापायचे असते.

छायाचित्र नक्की कोणाचे, हा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, तुम्ही मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर त्याचे पहिले मालक तुम्ही असता. मित्राने प्रेमाखातर, पैसे न घेता काढून दिले असेल तर मालक तो. अशा वेळी त्याच्याकडून चार ओळींची लेखी परवानगी घ्यावी आणि छायाचित्राखाली त्याचे नाव छापण्याची अट संमतिपत्रात घालावी.

शेवटची गोष्ट रंगाची. पडद्यावर दिसणारा रंग चार शाईंच्या छपाईत तसाच उतरत नाही. कोबाल्टचा गडद निळा मळकट होतो, तांब्याचा लाल विटकरीकडे झुकतो, आणि सेलेडॉन या ग्लेझची पातळ हिरवट छटा तर राखाडी होऊन जाते. भांड्यावर एकीकडून पडलेला उजेड आणि काठावरची ग्लेझची जाड कड छायाचित्रात स्पष्ट असेल, तर रंग थोडा घसरला तरी भांड्याचा घाट आणि ग्लेझचा पोत पानावर टिकतो. रंगीत प्रूफ, म्हणजे छपाईपूर्वीचा नमुना, पाहायला मागावे. एवढ्या मोठ्या संग्रहात ते प्रत्येकाला दाखवतीलच असे नाही, पण मागण्यात काही जात नाही.

प्रश्न : घरच्या घरी स्टुडिओ पॉटरी शिकण्यासाठी मी मराठीत पुस्तक लिहिले आहे. प्रकाशक म्हणतात की रंगीत छपाई महाग असल्यामुळे ५०० प्रतींपैकी ३०० प्रती मी निम्म्या किमतीत विकत घ्याव्यात. उरलेल्या विक्रीवर १० टक्के रॉयल्टी मिळेल. शिवाय ग्लेझच्या रेसिपी एकदा छापल्यावर माझा त्यांच्यावर हक्क राहील का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : आधी हिशेब मांडून पाहू. पुस्तकाची छापील किंमत ६०० रुपये धरली, तर ३०० प्रतींसाठी तुम्ही सुरुवातीलाच ९०,००० रुपये देणार. उरल्या २०० प्रती. '१० टक्के' हे छापील किमतीवर असेल तर प्रतीमागे ६० रुपये होतात. 'निव्वळ उत्पन्नावर' असेल आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली जात असेल, तर प्रकाशकाच्या हाती ३६० रुपये येतात आणि तुमच्या हाती ३६. म्हणजे सगळ्या २०० प्रती विकल्या गेल्या तरी ७,२०० रुपये. हा व्यवहार लेखकाच्या पैशाने पुस्तक काढण्याचा आहे. तसे करण्यात कमीपणा काही नाही, परंतु मग त्याला तेच नाव द्यावे आणि अटीही त्याप्रमाणे असाव्यात : छपाईचे कोटेशन तुम्हाला दाखवावे, प्रताधिकार (कॉपीराइट) तुमच्याकडे राहावा आणि पुस्तकाची छपाईसाठी तयार झालेली फाइल तुम्हाला मिळावी. कार्यशाळा घेणाऱ्याच्या ३०० प्रती दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्यांमध्ये खपू शकतात. ज्यांच्याकडे विद्यार्थी नाहीत, त्यांनी असा करार करू नये, कारण घरात रचलेले गठ्ठे पावसाळ्यातील दमटपणाने खराब होतात आणि आर्ट पेपरची पाने एकमेकांना चिकटून बसतात.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, वेगळे पैसे मागितले असतील तर ते कशाचे, हे विचारावे. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो मागता येतो.

आता रेसिपीविषयी. फेल्डस्पार हे खनिज इतके टक्के, सिलिका इतके, चुनखडी इतकी, या यादीवर प्रताधिकार सांगता येत नाही. कल्पनेला संरक्षण नसते, तिच्या मांडणीला असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. तुमचे शब्द, तुमचे तक्ते, टेस्ट टाइलची (ग्लेझ तपासायच्या नमुना-तुकड्यांची) तुमची छायाचित्रे ही तुमची. त्या प्रमाणात ग्लेझ करून कोणी भांडी विकली तर त्याला अडवता येणार नाही. जी ग्लेझ तुमच्या कामाची ओळख आहे ती पुस्तकात देऊ नये, आणि ज्या द्याल त्या मात्र मनापासून, पुऱ्या तपशिलासह द्याव्यात. खाणीप्रमाणे फेल्डस्पार बदलतो, म्हणून मालाचे रासायनिक पृथक्करण उपलब्ध असेल तर तेही छापावे. अमेरिकन पुस्तकांतील कितीतरी रेसिपी आपल्याकडे फसतात, कारण त्यांत नावाने सांगितलेला माल इथे मिळत नाही.

प्रूफ तपासताना अंकांचे तक्ते स्वतः, मूळ वही शेजारी ठेवून वाचावेत. जुन्या मराठी फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणताना दशांश चिन्ह गळून पडते आणि ते कोणाच्याही डोळ्यांना खटकत नाही. माझ्या एका लेखाच्या प्रुफात कोबाल्ट ऑक्साइडचे ०.५ टक्के हे प्रमाण ५ टक्के असे आले होते. व्याकरण तपासणाऱ्याला त्यात काहीच चूक दिसण्याचे कारण नव्हते, परंतु त्या आकड्यावर विसंबलेल्या विद्यार्थ्याला निळ्याऐवजी जवळजवळ काळे भांडे मिळाले असते आणि कोबाल्टचा खर्च दसपट झाला असता. संपादकाला हे कळावे अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. अंकांची जबाबदारी लेखकाची. करारात नुकसानभरपाईचे कलम असेल, तर सदोष माहितीमुळे होणारा दावा तुमच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून शिसे किंवा बेरियम असे विषारी घटक असलेल्या रेसिपीपुढे ठळक सूचना छापून घ्यावी आणि प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोणत्याही ग्लेझला 'खाण्यापिण्यासाठी सुरक्षित' असे म्हणू नये.

प्रश्न : आम्ही जुन्या नाशकातील कुंभारवाड्यातले. दिवाळीच्या तोंडावर पुस्तकासाठी फोटो काढणारे येतात, दिवसभर चाकावर बसवतात, भरपूर फोटो नेतात. पुस्तक निघाले की नाही तेही कळत नाही, आणि निघाले तरी त्यात आमचे नाव नसते. यावर काही इलाज आहे का? (एक वाचक, कुंभारवाडा)

उत्तर : तुमची तक्रार अगदी रास्त आहे, आणि ती स्टुडिओत काम करणाऱ्या आम्हा लोकांनी फार आधी उचलून धरायला हवी होती. आपले काम प्रकाशकाला इंग्रजीत समजावून सांगता येणाऱ्याचे नाव छापले जाते आणि ज्याच्याकडून सगळे मातीकाम शिकलो त्याच्या छायाचित्राखाली 'एक पारंपरिक कुंभार' एवढेच येते, हा अन्याय आहे.

कायद्याची मदत इथे मर्यादित आहे. छायाचित्राचा हक्क सहसा छायाचित्रकाराकडे किंवा त्याला पैसे देणाऱ्याकडे जातो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या माठाच्या, पणतीच्या किंवा संक्रांतीच्या सुगडाच्या घाटावर कोणा एकाला प्रताधिकार सांगता येत नाही. तुम्ही स्वतः कल्पून घडवलेली वेगळी वस्तू असेल तर तिला कलाकृती म्हणून संरक्षण मिळू शकते. म्हणून खरा इलाज चाकाला हात लावण्यापूर्वीचा आहे. येणाऱ्याकडून एका कागदावर लिहून घ्यावे : प्रकाशकाचे व पुस्तकाचे नाव, तुमचे पूर्ण नाव छायाचित्राखाली छापण्याची हमी, पुस्तकाची एक प्रत आणि त्या दिवसाचे पैसे. दिवाळीआधीचा एक दिवस म्हणजे किती पणत्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तेवढी रक्कम निःसंकोच सांगावी. कागदावर दोघांच्या सह्या घेऊन त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. २०२७ च्या सिंहस्थासाठी छायाचित्रकारांची रीघ लागेल, तेव्हा कुंभारवाड्यातील सगळ्या घरांनी मिळून एकच नमुना ठरवला तर एकाला टाळून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग उरणार नाही. असा मराठी नमुना तयार करून देण्यास मी तयार आहे. मासिकाच्या पत्त्यावर कळवावे.

प्रश्न : माझे पुस्तक बऱ्याच वर्षांपूर्वी निघाले. प्रकाशक आता फोन घेत नाहीत, हिशेब देत नाहीत, पुस्तकही दुकानात नाही. ते मला दुसरीकडून काढता येईल का? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : करारनामा शोधून काढा आणि त्यात मुदत लिहिली आहे का ते पाहा. मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क-हस्तांतरण करारापासून ५ वर्षांचे मानले जाते. ती उलटली असतील तर हक्क तुमच्याकडे परत आले आहेत. प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरताच मानला जातो. करार लेखी नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरण झालेलेच नाही. 'संपूर्ण मुदतीसाठी' असे शब्द असतील, तर मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल. काहीही असले तरी आधी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवून हिशेब आणि हक्क परत करण्याचे लेखी उत्तर ठराविक मुदतीत मागावे, कारण नवा प्रकाशक तो कागद पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही.

नवे करार करणाऱ्यांनी या पत्रापासून एक गोष्ट घ्यावी. 'पुस्तक उपलब्ध नसल्यास हक्क परत' हे कलम आता पुरेसे नाही, कारण मागणीनुसार एकेक प्रत छापता येत असल्याने पुस्तक कागदोपत्री कायम उपलब्धच राहते. सलग दोन वर्षांत ठरावीक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास हक्क परत, असे लिहून घ्यावे. प्रकाशनगृह विकले गेले किंवा बुडाले तर काय, हेही लिहावे. अमेरिकेत हस्तकलेची पुस्तके काढणाऱ्या एफ अँड डब्ल्यू मीडिया या मोठ्या कंपनीने २०१९ साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचा पुस्तकांचा विभाग पेंग्विन रँडम हाऊसकडे गेला. अशा वेळी थकलेल्या रॉयल्टीसाठी लेखकाला इतर देणेकऱ्यांबरोबर रांगेत उभे राहावे लागते.

प्रश्न : अमेरिकेतून आलेल्या माझ्या रॉयल्टीतून ३० टक्के कर कापला गेला. हे बरोबर आहे का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : तुम्ही डब्ल्यू-८ बीईएन हा, अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांसाठीचा, कराचा अर्ज भरून दिला नसेल तर तसेच होते. भारत-अमेरिका करविषयक करारानुसार अशा रॉयल्टीवर १५ टक्के दर लागू होतो. अर्जात पॅन क्रमांक लिहून तो प्रकाशकाकडे पाठवावा, म्हणजे पुढच्या रकमेतून कमी कपात होईल. सही केलेले वर्ष आणि त्यानंतरची तीन वर्षे हा अर्ज चालतो, मग नवा द्यावा लागतो. कापलेल्या कराचे श्रेय आपल्याकडील विवरणपत्रात मागता येते. त्यासाठी प्रकाशकाकडून वर्ष संपल्यावर मिळणारा १०४२-एस हा करकपातीचा कागद जपून ठेवावा आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी सीएला दाखवावा.