वाघ तिला खाणार का?

प्रश्न : बाई, १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला शाळेत वाचन प्रेरणा दिन आहे. दुसरीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायला मला बोलावलंय. घरी मुलाला रोज वाचून दाखवते, पण चाळीस मुलं चुळबुळ करायला लागली तर काय करू?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, चुळबुळीला घाबरू नका. कळव्यात रुळांलगतच्या शाळेत मी २६ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. चुळबुळ करणारं मूल पुष्कळदा कान देऊन ऐकत असतं.

माझी सुरुवातीची चूक सांगते. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट वाचताना दर दोन ओळींनी थांबून मी विचारायचे, ‘घनदाट म्हणजे काय?’ एकदा पहिल्या बाकावरची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘बाई, आधी सांगा ना, वाघ तिला खाणार का?’ त्या दिवसापासून मधेच शब्दार्थ विचारणं मी सोडलं.

पालुपद असलेली गोष्ट निवडा. ‘चल रे भोपळ्या’ इतकंच म्हणून थांबा. आधी दोघं-तिघं ‘टुणुक टुणुक’ म्हणतील, तिसऱ्या वेळी अख्खा वर्ग. घरी दोनदा मोठ्याने वाचून बघा आणि जिथे दम लागतो तिथे पेन्सिलीने रेघ मारा.

जमलं तर मुलांना सतरंजीवर अर्धगोलात बसवा. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, मागून उजेड आला की चित्र काळपट दिसतं. चित्र दाखवताना पुस्तक सावकाश फिरवा, तेवढा वेळ वाचू नका. आवाज चढवायचा नाही. गोंगाट वाढला की मी आणखी हळू वाचायचे, मग मुलंच एकमेकांना ‘शूऽऽ’ करायची. लोकल धडधडत गेली की थांबायचे आणि मागचं वाक्य परत घ्यायचे.

पुस्तक हाताशी नसेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. मोबाइलवरून मात्र वाचू नका, मागच्या मुलाला काहीच दिसत नाही. शाळेत प्रोजेक्टर आहे का, आधी विचारा.

संपल्यावर तात्पर्य विचारायचं नाही. पुस्तक मिटा आणि थोडं गप्प बसा. कोणीतरी ‘परत वाचा’ म्हणेल. तेव्हा दुसरं पुस्तक उघडू नका, तेच वाचा.