बाबांचं रक्त शुद्ध करायला घर गहाण ठेवू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा सेप्सिसने (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागणं) आयसीयूत आहेत, इन्शुरन्सचं लिमिट संपत आलंय, डॉक्टरांनी रक्त शुद्ध करायचं कार्ट्रिज सुचवलंय आणि इन्शुरन्सवाले ते देणार नाही म्हणतायत, म्हणून घरावर लोन काढायचा विचार आहे.

थांबा जरा. आधी डॉक्टरांना एवढंच विचारा, हे मशीन किडनीसाठी आहे का रक्तातले टॉक्सिन (जंतूंचं विष) आणि सायटोकाइन (इन्फेक्शनशी लढताना शरीरच सोडतं ते सूज वाढवणारे पदार्थ) काढायला? दोन्हीत रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येतं म्हणून घरच्यांना एकच वाटतं, पण किडनीने काम थांबवलं असेल तर डायलिसिस लागणारच, तिथे पैशाचा विचार नको, आणि इन्शुरन्सकडेही तो खर्च डायलिसिस म्हणूनच वेगळा लिहून पाठवायला सांगा.

टॉक्सिनवालं असेल तर माझं स्पष्ट मत, घर गहाण ठेवू नका. मी डॉक्टर नाही, पण एवढी रक्कम कशावर लावतोय ते बघणं माझं काम आहे. पॉलिमिक्सिन बी, म्हणजे जंतूंचं विष पकडणारं औषध, त्याचं कार्ट्रिज 2009 मध्ये इटलीत 64 पेशंटवर चांगलं दिसलं होतं, मग अमेरिका-कॅनडात 450 पेशंटवर मोठी ट्रायल झाली, 2018 मध्ये रिझल्ट आला, 28 दिवसांनी किती जगले यात फरकच नाही. सेप्सिसच्या उपचारांची जी आंतरराष्ट्रीय गाइडलाइन आहे, सर्व्हायव्हिंग सेप्सिस, तिच्या 2021 च्या आवृत्तीत ते वापरू नये असं सुचवलंय, बाकीच्या प्रकारांना पुरेसा पुरावा नाही म्हटलंय. सायटोकाइन शोषणारी काही कार्ट्रिज तर अँटिबायोटिकही ओढून घेतात, मग डोस परत बघावा लागतो. आणि बऱ्याचदा एका कार्ट्रिजवर भागत नाही हेही लक्षात घ्या.

डॉक्टर फसवतायत असं अजिबात म्हणत नाही, पेशंट हातातून जाताना दिसला की तेही सगळं करून बघतात. तुम्हालाही करून बघायचंच असेल तर एफडी मोडा, लोन नको, आणि किती कार्ट्रिज, बीपीच्या औषधाचा डोस आणि लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा) किती खाली आलं तर पुढचं लावायचं, हे आधीच ठरवून घ्या.

बाकीचे पैसे मात्र धरून ठेवा हो. अँटिबायोटिक, इन्फेक्शनची जागा साफ करायला ऑपरेशन लागलं तर ते, आयसीयूचे पुढचे दिवस, आणि बाबा घरी आले की महिनोन्‌महिने अशक्तपणा, फिजिओथेरपी, सांभाळायला माणूस, तुमची बिनपगारी रजा. हा घरी आल्यानंतरचा खर्च कुणी धरतच नाही आणि तेव्हा हात रिकामे असतात. लोनच्या कागदांवर सही करायच्या आधी तो किडनीचा प्रश्न विचारा, आणि पुढच्या आठवड्याचं एस्टिमेट लेखी मागून घ्या.