सॅलमँडर आणि ओढ्यातले मासे एकाच टाकीत ठेवता येतील का? टाकी केवढी घ्यावी?

ठेवू नका. तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "निसर्गात एकत्रच राहतात, मग टाकीत काय बिघडतं?" हेच वाक्य माझ्या दादाचं होतं, म्हणून लिहायला बसले.

माझ्याकडे ॲक्सोलॉटल होता. हा सॅलमँडरचाच एक प्रकार: दिसायला पालीसारखा, पण बेडकासारखा उभयचर, जन्मभर पाण्यातच राहणारा, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे झुपके असलेला. दादाने ओढ्यातून शिंगाळ्याची चार पिल्लं आणली, बोटाएवढी. "तळ साफ ठेवतील," म्हणाला. तिसऱ्या दिवशी कल्ल्यांचे झुपके विरळ दिसायला लागले. डाव्या बाजूच्या मधल्या कल्ल्याचं तर नुसतं देठ उरलं होतं. मासे रात्री कुरतडत होते. कल्ले परत फुटतात हे खरं, पण रोज कुरतडले तर कधी फुटणार?

मी म्हटलं, आत्ता काढूया. दादा म्हणाला, उद्या बघू. त्याच रात्री टॉर्च मारला तर ॲक्सोलॉटलच्या तोंडातून शेपटी बाहेर आलेली. हा प्राणी चावून खात नाही, पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. आत गेलेल्या शिंगाळ्याने दोन्ही बाजूंचे काटे ताठ केले होते, आणि ते एकदा ताठ झाले की सहज मिटत नाहीत. दादा शेपटी धरून ओढायला निघाला. मी त्याचा हात धरला. तसं ओढलं तर काटे घशात रुततात. प्राण्यांच्या डॉक्टरांनी भूल देऊन, काटे कापून मासा काढला. पाचव्या दिवशी ॲक्सोलॉटल गेला.

दादा अजूनही म्हणतो, टाकी लहान होती. २०० लिटरची होती! टाकी केवढीही घ्या, रात्री पळून जायला त्यात ओढा नसतो. आणि निसर्गाचं म्हणाल तर ॲक्सोलॉटलच्या मूळ घरी, मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत, माणसांनी कार्प आणि तिलापिया सोडले. ते त्याची अंडी-पिल्लं खातात. आज तिथे तो जेमतेम उरलाय.

उलटंही होतं. न्यूट हाही सॅलमँडरचाच प्रकार; त्यातल्या टारिका गटातल्या न्यूटच्या कातडीत फुग्या माशातलंच विष असतं, टेट्रोडोटॉक्सिन. त्याला गिळणारा मासा मरू शकतो. शिवाय ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश तापमानाचं संथ पाणी लागतं, ओढ्यातल्या बऱ्याच माशांना वाहतं. एकाला सोयीचं केलं की दुसऱ्याचे हाल.

अगदीच हौस असेल तर अंगावर टोकदार काटे नसलेले, छोटे, थंड पाण्यातले मासे बघा, व्हाइट क्लाउड मिनोसारखे. तेही महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून मग सोडा, आणि ते खाल्ले जाणार हे धरूनच चाला. ओढ्यातून पकडलेले तर नकोच, त्यांच्या अंगावर परजीवी येतात. टाकीतलं पाणी ओढ्यात ओतू नका, हेही सांगायचं राहिलं होतं. सॅलमँडरच्या कातडीला खाणारी एक बुरशी २०१३ साली ओळखली गेली, तिने नेदरलँड्समधले फायर सॅलमँडर जवळजवळ संपवले. ती पाण्यातूनही पसरते.